डुक्कर आणि प्रभूची कृपा

रॉनीने वाक्य वाचून संपवले आणि खोलीत क्षणभर शांतता पसरली. ही शांतता तिच्या सवयीची झाली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी सकाळी लॅटिनचा वर्ग भरायचा, दर बुधवारी तिची पाळी यायची आणि दर बुधवारी टेबलाभोवतीची सातआठ माणसे अशीच गप्प व्हायची. आवाज खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा, वाक्याच्या शेवटी सूर अलगद खाली उतरवलेला. शिकवणारी एफी तर डोळेच मिटून घ्यायची. आजही तिने मिटले होते. तेवढ्यात समोर बसलेल्या नेव्हने पेन्सिल कानामागे खोचली. जन्मभर लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त केलेला हा गडी गुडघा बदलल्यापासून इथे येऊ लागला होता. त्याने अगदी साध्या मनाने विचारले, "वा! काय वाचलंस गं रॉनी! पण म्हणजे काय?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, हेच वाईट होते. खोच असती तर तिने तिथल्या तिथे परतवली असती. तिने पुस्तकात पाहिले. आताच तोंडातून गेलेले शब्द तिथे ओळीने बसले होते आणि त्यातला एकही तिला ओळख देईना. सगळे तिच्याकडे बघत होते. जिभेवर जे आयते होते तेच बाहेर पडले, "म्हणजे... प्रभूची कृपा... प्रभूने आपल्यावर दया केली, असं काहीतरी." नेव्हने आपल्या कागदाकडे पाहिले, परत तिच्याकडे पाहिले. "माझ्याकडे डुक्कर आलंय," तो म्हणाला. कोणीतरी फिसकन हसले. "डुकराने शेजाऱ्याचा कोबी खाल्ला. माझं तरी असं आलंय. एफी, माझं चुकलंय का?" एफीने डोळे उघडले होते. "नाही नेव्ह, बरोबर आहे," ती म्हणाली आणि मग तिलाही हसू आवरेना. सगळा वर्ग हसला. रॉनीही हसली, इतरांपेक्षा मोठ्याने. "अरे, मग डुकरावर प्रभूची कृपाच झाली की!" असेही म्हणाली, आणि वेळ मारून नेली. तिच्या देशात स्वतःवर आधी हसणारा माणूस वाचतो. कोणीतरी बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने एक उचलले, पण ते तोंडात कोरडेच फिरत राहिले.

सिडनी रोडवरच्या ट्राममध्ये ती खिडकीशी बसली तेव्हाही तिचे कान तापलेले होते. बाहेर लग्नाच्या पोशाखांची दुकाने एकामागून एक सरकत होती, काचेमागे बिनडोक्याच्या पांढऱ्या नवऱ्या उभ्या. लोक हसले त्याचे तिला काही वाटले नव्हते. आपल्याला यातले काहीच येत नाही हे इतके दिवस कोणाला कळले नव्हते, आणि खरे म्हणजे आपल्यालाही कळले नव्हते, याचे वाटत होते. वर्गात नाव घातले तेव्हा तिला वाटले होते, आपण तर अर्धी वाट चालूनच आलो आहोत. ती नऊदहा वर्षांची असताना जवळच्याच कोबर्गच्या चर्चमध्ये सगळी प्रार्थना लॅटिनमध्ये चालायची. मुलींच्या गायकवृंदात ती पहिल्या रांगेत उभी राहायची, गुडघ्यापर्यंत मोजे, पोटात काही नाही कारण प्रसाद घेण्याआधी खायचे नसे, आणि धुपाच्या वासाने डोके हलके झालेले. त्या हलक्या डोक्यातून ते लांबलचक शब्द पाण्यासारखे वाहायचे. म्हाताऱ्या बायका वळून बघायच्या. आई घरी जाताना तिचे पूर्ण नाव घेऊन म्हणायची, "आमच्या व्हेरॉनिकाच्या गळ्यात देवदूत बसलाय." देवदूत काय बोलतोय, असे कोणी विचारले नाही. तिने स्वतःही कधी विचारले नाही. ती ज्या भाषेत देवाशी बोलत होती तिच्यात डुकरेही असू शकतात, शेजारी असू शकतात, कोबी असू शकतो, हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते. लॅटिन म्हटले की प्रभू. त्यामुळे आज जीभ अडली तेव्हा प्रभूच धावून आला, आणि त्यानेच तिला तोंडघशी पाडले.

आणि मग ट्राम एका थांब्यावर उगाचच रेंगाळली तशी शाळेतली सिस्टर गोन्झागा मनात आली. ती यायचीच. शाळेचा लांब व्हरांडा, मेणाच्या पॉलिशचा वास, पुढच्या वर्षीची विभागणी. सिस्टर नाव घ्यायची आणि हाताने दाखवायची: उजवीकडे लॅटिनच्या मुली, ज्या पुढे शिक्षिका, वकील, काय वाटेल त्या होणार, डावीकडे टायपिंगच्या. रॉनी आपले नाव यायच्या आधीच एक पाऊल उजवीकडे सरकली होती. चर्चमध्ये तिच्याइतके लॅटिन कोणाला येत होते? सिस्टरने तिच्याकडे पाहिले. ती रागावली नाही, उलट मायेनेच म्हणाली, "नाही बाळ. तुझे हात चांगले आहेत. डोक्याला कशाला त्रास?" आणि हात डावीकडे केला. रॉनी डावीकडे गेली आणि तिथेच राहिली. हात खरोखरच चांगले निघाले. एका इस्पितळाच्या कचेरीत तिने उभा जन्म डॉक्टरांच्या आवाजातले अहवाल टाइप केले. कानात आवाज, बोटांखाली टाइपरायटरची बटणे, मधल्या मध्ये ती नाही. तिच्याइतके भराभर आणि बिनचूक टाइप करणारे तिथे कोणी नव्हते. एकदा असेच एका बाईच्या यकृताबद्दल टाइप करून, घडी घालून, लिफाफ्यात घालून, चहा प्यायला गेल्यावर कप हातात असताना तिच्या लक्षात आले की ते नाव टायपिंगच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या मॉइराचे होते. नाव, वय, पत्ता, सगळे बोटांतून गेले होते. डोक्यापर्यंत पोचायला त्याला जिना चढून चहाच्या खोलीत यावे लागले. मॉइरा त्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून रॉनीला एक भीती होती आणि ती तिने कोणालाही बोलून दाखवली नव्हती: शब्द आपल्यातून नुसते जातात, थांबत नाहीत. सिस्टरला ते तेव्हाच दिसले होते.

घरी लेन स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होता. तो तिचा नवरा, पावाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि अजूनही पावाकडे संशयाने बघणारा. "काय गं, पोपने आज काय सांगितलं?" हा त्याचा दर बुधवारचा विनोद. रॉनीने पर्स टेबलावर आपटली. "डुकराने कोबी खाल्ला असं सांगितलं," ती म्हणाली, "आणि मला ते कळलं नाही, लेन. अक्षरही कळलं नाही. पोपट झाले मी तिथे." लेनने सुरी खाली ठेवली. त्याला समजूत घालता येत नसे, प्रयत्न केला की भलतेच व्हायचे, म्हणून तो बहुधा गप्प बसायचा. आज मात्र म्हणाला, "मग सोड की. विणकामाचा वर्ग आहेच, तो पण बुधवारीच असतो. तुझे हात तर—" तो पुढे बोलणार तोच तिने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने टोस्ट तोंडात कोंबला. "ही सहामाही पुरी करते," रॉनी म्हणाली. "शेवटच्या दिवशी एफी नवीन गोष्ट देते, कोणी न बघितलेली. ती मला माझी मला कळली तर ठीक. नाही कळली तर तुझं विणकाम." आणि मग पाठ फिरवून, भांड्यांकडे बघत, "आणि मग सिस्टर गोन्झागाचं बरोबर होतं, असं मी मान्य करीन." ही सिस्टर कोण हे लेनला पक्के ठाऊक होते. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून ती त्यांच्या घरात राहत होती.

पुढच्या बुधवारी ती सगळ्यांच्या आधी गेली. एफी एकटीच फळा पुसत होती. एफी ग्रीक आईबापांची, पण इथेच, ब्रन्सविकमध्ये वाढलेली, वयाने रॉनीच्या लेकीएवढी. हात सतत खडूने माखलेले. "एफी, मला यातलं काही येत नाही," रॉनीने उभ्याउभ्याच सांगून टाकले. "मी नुसती वाचते." एफीने डस्टर ठेवला. "थोडं वाटत होतं मला," ती म्हणाली. "पण तू वाचायला लागलीस ना, की मला माझ्या आजीच्या चर्चमध्ये बसल्यासारखं वाटायचं. थांबवायचं जिवावर यायचं गं. चूक माझीच." मग तिने रॉनीला खुर्चीत बसवले आणि त्याच डुकराचे वाक्य पुढे ठेवले. "तुझं तोंड फार पुढे पळतं. डोकं मागे राहतं. आता तोंड बंद. वाचायचं नाही. फक्त शब्दाचं शेपूट बघायचं आणि विचारायचं: कोण? कोणाला? कोणाचं? अर्थ नंतर. अर्थाची घाई नाही." रॉनी म्हणाली, "पण पहिला शब्द ज्याचा, तोच करणारा ना?" "ते इंग्रजीत," एफी हसली. "इथे नाही. इथे पहिल्या नंबरावर कोणीही उभा राहील, त्याला विचार तू कोण."

मराठीत जन्मलेल्याला यात नवल वाटणार नाही. आईने, आईला, आईचा म्हणतच आपण बोलायला शिकतो, आणि शब्द कुठेही ठेवला तरी त्याचे नाते त्याच्या शेपटाला चिकटलेले असते. पण इंग्रजीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटवून घ्यायला जुनी खोड मोडावी लागते. इंग्रजीत माणसे रांगेत उभी असतात. पुढचा चावणारा, मागचा चावला गेलेला, रांग बदलली की गुन्हेगारही बदलला. रॉनीचे डोके साठ वर्षे त्या रांगेत उभे राहिले होते. आता ते पहिला शब्द दिसला रे दिसला की त्याच्यावर झडप घालायचे, त्याला करणारा ठरवून मोकळे व्हायचे, आणि मग वाक्याच्या शेवटी सगळे उलटे निघायचे: कोबीने डुक्कर खाल्ले, मुलाने गुरुजींना छडी मारली, नदीने खलाशाचे पाणी प्यायले. घरी ती तोंडात पेपरमिंट धरून बसायची, कारण तोंड रिकामे राहिले की लगेच गायला लागायचे. लेन आत डोकावून म्हणायचा, "काय गं, मौनव्रत?" ती हातानेच त्याला जा म्हणायची. कोष्टके पाठ करायला तिला अडचण नव्हती, ती तिची जीभ एका दिवसात करायची, पण जिभेवर तिचा आता विश्वास उरला नव्हता. म्हणून ती प्रत्येक शेपटापाशी थांबायची. थांबणे हेच काम होते, आणि ते तिने जन्मात केलेले नव्हते. थांबले की आत एक पोकळी यायची, लहानपणी उपाशीपोटी गाताना यायची तशीच, आणि त्या पोकळीची भीती वाटून ती पूर्वी शब्दांनी ती भरून टाकत असे. आता ती पोकळीतच बसून राहायला शिकत होती. वर्गात ती अडखळत वाचू लागली. म्हाताऱ्या जेनेटला तर वाटले तिची तब्येत बरी नाही. "घशाला काही झालंय का गं? मध घे," ती कळवळून म्हणाली. रॉनी म्हणाली, "घसा बरा आहे जेनेट. डोकं वापरतेय, त्याचा आवाज आहे हा."

आणि एका सकाळी दोरीवर धुणे वाळत घालताना ते झाले. काही मोठे झाले नाही. लेनचा सदरा तिने बाहीने लावला, मग उशीचे अभ्रे, मग पुन्हा लेनचाच पायजमा, आणि तिला शाळेतल्या खुंट्या आठवल्या. प्रत्येक मुलीच्या कोटाच्या गळ्याशी आईने नावाची पट्टी शिवलेली असायची. कोट कुठल्याही खुंटीला असो, जमिनीवर पडलेला असो, कोणी मुद्दाम दुसऱ्याच्या जागी टांगलेला असो, गळा उलटून बघितला की कोणाचा ते कळायचे. तेवढेच तर आहे हे! ती ओला पायजमा हातात धरून तशीच उभी राहिली. कालचे वाक्य तिने मनात आणले, तोंडाने नाही, आणि एकेक कोट उलटून पाहिला. राणीला. सैनिक. शेताचे. फळ. शेवटी, सगळ्यांच्या मागून, सावकाश येणारे क्रियापद: देतो. कोणीही तिला सांगितले नव्हते. पेन्सिलीने वर इंग्रजी लिहिलेले नव्हते. एक सैनिक वाकून एका राणीच्या हातावर शेतातले फळ ठेवत होता आणि ते तिला दिसत होते, मागच्या अंगणात, कपड्यांच्या मधोमध. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या भाषेतले वाक्य, आणि ते तिच्यातून गेले नाही. थांबले. तिला इतका आनंद झाला की तिने पायजमा छातीशी धरला आणि झगा पुढून सगळा भिजवून घेतला. कुंपणावरच्या काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्याने मान वाकडी करून पाहिले.

पण एक वाक्य म्हणजे गोष्ट नव्हे, हे तिलाही कळत होते. सहामाहीचा शेवटचा बुधवार आला. रिवाजाप्रमाणे प्रत्येकजण घरून एकेक ताट घेऊन आला होता; तिने चीजचे स्कोन, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, केले होते, नेव्हने दुकानातून आणलेला केक घरचा म्हणून ठेवला होता आणि त्यावरची किमतीची चिठ्ठी काढायला विसरला होता. नेहमी तिने यावर काहीतरी म्हटले असते. आज तिचे लक्ष एफीच्या हातातल्या कागदांवर होते. एफीने ते पालथे वाटले. "ही मी स्वतः लिहिलेली गोष्ट आहे, पुस्तकात मिळणार नाही," ती म्हणाली. "पेन्सिली खाली. शब्दकोश बंद. नेव्ह, फोन पण. आधी सगळ्यांनी मनात वाचायचं, एकदा, सावकाश. मग पाळीपाळीने बोलू." रॉनीने कागद उलटा केला. काळ्या शब्दांची एक भिंत. तिला स्पष्ट वाटले की आपण पुन्हा त्या व्हरांड्यात उभ्या आहोत, पाऊल उजवीकडे उचललेले, आणि आता सिस्टरचा हात डावीकडे होईल. तिच्या ओठांनी आपोआप पहिला शब्द पकडला, सुरात, गोड. तिने ओठ दाबले. कोण? तिने विचारले. कोणाला?

धनी. एक लठ्ठ धनी. त्याला चौघे भोई मेण्यातून नेतात. मेण्याला पडदे, धनी आत झोपलेला, घोरणारा. मग एक शब्द आला जो कुठेच बसेना, तिने त्याला उभे ठेवले, घाई केली नाही, आणि दोन शब्दांनंतर त्याचे नातेवाईक आले आणि त्याला घेऊन गेले: दारूच्या दुकानापाशी. भोयांना तहान लागते. ते मेणा खाली ठेवतात, पितात, पुन्हा पितात. इकडे धनी जागा होतो, त्यालाही तहान लागलेली, तो दुसऱ्या दाराने आत जातो. कोण जातो? धनीच, तिने परत शेपूट पाहिले, हो, धनीच. भोई येतात, मेणा उचलतात. "आज आपला धनी हलका झालाय," एक म्हणतो. "उपास केला असेल," दुसरा म्हणतो. खोलीत कोणी खुर्ची सरकवली, रॉनीने ऐकले नाही. चढाच्या रस्त्यावर चौघे झिंगलेले भोई आनंदाने रिकामा मेणा वाहत होते आणि ती त्यांच्या मागोमाग चालली होती. घर येते. दारात बायको. बायको पडदा बाजूला करते, आत बघते. आत कोणी नाही. इथे ओळ संपत होती आणि रॉनी ओळीच्या टोकाशी थांबली, घाबरून नव्हे, मजेने, कारण ती बाई आता काय करील हे तिला खरोखरच ठाऊक नव्हते आणि ते तिला फार हवे होते. तिने पुढची ओळ घेतली. बायको पडदा पुन्हा नीट सोडते. ओठांवर बोट ठेवते. आणि भोयांना म्हणते: हळू ठेवा हं, झोपमोड होईल त्याची.

रॉनी हसली. आधी नाकातून, मग तिला आवरले नाही आणि ती पोटापासून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, टेबलावर हात आपटून हसत सुटली. त्या शांत खोलीत तेवढाच आवाज होता. बाकी सगळी डोकी कागदांवर वाकलेली होती, ती एकेक करून वर आली. कोणाच्याही तोंडावर हसू नव्हते, नुसती कपाळाला आठी. जेनेट बोट ओळीवर तसेच दाबून धरून म्हणाली, "काय झालं गं?" एफीने घाईघाईने हात वर केला, "सांगू नकोस! रॉनी, अजिबात सांगू नकोस!" पण तिचेच डोळे भरून आले होते. "कुठवर पोचलीस?" तिने हळूच विचारले.

"बायकोपर्यंत," रॉनी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, देवदूताचा त्यात मागमूस नव्हता.

"कसली बायको?" नेव्हने चष्मा वर सरकवला आणि कागद जवळ घेतला. "अगं, माझे भोई अजून प्यायलाच बसलेत."

"बसू दे की त्यांना, नेव्ह," रॉनी म्हणाली. "घाई नाही." तिने डोळे पुसले, कागद समोर ठेवला, हात मांडीवर घेतले, आणि सगळ्यांच्या आधी पोचलेली ती, बाकीचे यायची वाट बघत बसली.